सोलापुरात भर पेठेत दुपारी जेवायचं तर हॉटेल कसं पारखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कामानिमित्त पुण्याहून गाडीनं सोलापूरला येताय, सोबत मुंबईचे दोन पाहुणे आणि सत्तरी ओलांडलेले वडील. काम नवी पेठ, पार्क चौक या भागात. मध्ये तास-दीड तास मोकळा. एक पाहुणा पक्का शाकाहारी, दुसऱ्याला ‘सोलापूरचं मटण’ खायचंय, वडिलांना तिखट सोसत नाही. मोबाईलवर बघावं तर प्रत्येक हॉटेलला चार-साडेचार तारे. मग निवडायचं कसं?

नावं सांगायची तर आत्ता चार सांगता येतील, पण सांगणार नाही. माझा धंदा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा. हॉटेलं, खानावळी यांना माल देते, आणि त्याआधी बरीच वर्षं एका खानावळीच्या चुलीपाशी काढली आहेत. या धंद्यात पाटी तीच राहते आणि आचारी बदलतो. लग्नसराईत तर विचारूच नका. केटरिंगवाला जास्त हजेरी देतो म्हणून वस्ताद निघून जातो. गल्ल्यावरचा माणूस, टेबलं, मेनूकार्ड सगळं जागच्या जागी, आणि रश्श्याची चव तेवढी गेलेली. रोजच्या गिऱ्हाइकाला हे दोन दिवसांत कळतं, मोबाईलवरच्या ताऱ्यांना कळायला वर्ष जातं. त्यामुळे आज मी सांगितलेलं नाव तुम्ही याल त्या दिवशी खरं असेलच असं नाही. त्यापेक्षा मी स्वतः नवीन ठिकाणी जेवायला बसले तर काय बघते, ते सांगते.

बहुतेक लोक आधी हॉटेल ठरवतात, मग पोचतील तेव्हा बसतात आणि कार्डावर दिसेल ते मागवतात. मी उलटं करते. आधी वेळ, मग पदार्थ, हॉटेल सगळ्यात शेवटी.

वेळेचं गणित समजून घ्यायचं तर इथं दुपारी हॉटेलात जेवतं कोण ते बघा. पेठेतल्या दुकानदारांचे डबे घरून येतात. हॉटेलात बसतो तो बाहेरून आलेला माणूस. कोर्टाच्या तारखेला आलेला, जिल्हा परिषदेत, कलेक्टर कचेरीत कागद घेऊन फिरणारा, आणि दवाखान्यातल्या पेशंटचा नातेवाईक. सोलापूर हे दवाखान्यांचं गाव आहे. धाराशिव, लातूर, पलीकडून विजापूर, गुलबर्गा इथपासून माणसं येतात. या लोकांना चोचले परवडत नाहीत, पण भाकरी कच्ची निघाली तर परत पाठवायला ते मागेपुढे बघत नाहीत. ज्या खानावळीत दुपारी असं गिऱ्हाईक भरलेलं असतं, तिथलं जेवण वाईट असणं अवघड.

बहुतेक खानावळीत पहिला रस्सा, पहिली आमटी साडेअकरा-बाराला उतरते. साडेबारा ते सव्वा या वेळात आचाऱ्याचा हात लागलेला असतो, तवा नीट तापलेला असतो, वाढप्याचं डोकं शांत असतं. दीडला कचेऱ्या सुटल्या की गर्दीचा लोंढा येतो, तो अडीचपर्यंत. त्या तासात भाकऱ्या घाईनं उतरवतात, कडा कच्च्या राहतात. तीननंतर तळाचं उरतं. आमटीत गरम पाणी पडतं, वरून नवी फोडणी. म्हणून पावणेएकला टेबलावर बसायचं असं ठरवा आणि बाकीचं काम त्याभोवती लावा. पुण्याहून अडीचशे किलोमीटर येताना लोक हायवेवर अकराला मिसळ खातात आणि मग सोलापुरात तीनला जेवतात. तेवढं टाळा.

आता पदार्थ. सोलापुरात दुपारी काय खावं? भाकरी. शाकाहारी पाहुणा असो की मटणवाला, दोघांचं जेवण भाकरीवरच ठरतं आणि हॉटेलची परीक्षाही तिच्यावरच होते. भाजीत मसाला घालून लपवता येतं, भाकरीत लपवायला जागा नाही.

चांगली भाकरी कशी ओळखायची? ज्वारी मालदांडी असेल तर भाकरी पांढरी, किंचित गोडसर लागते. आपल्या जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीत, रब्बीच्या ओलीवर पिकणारी ही ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. हायब्रिड ज्वारी स्वस्त पडते, तिची भाकरी काळसर आणि गार झाली की चामट होते. पण नुसती ज्वारी चांगली असून भागत नाही. पीठ दळून फार दिवस झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. थापताना कडेला चिरा पडतात, मग बाई त्यात गव्हाचं पीठ मिसळते किंवा भाकरी जाड ठेवते. ताटात भाकरी आली की कड बघा. कड चिरलेली आणि मध्ये जाड असेल तर पीठ जुनं. मोडून बघा. वरचा पापुद्रा सुटा निघाला, आतून वाफ आली, तर ती तुमच्यासाठी आत्ता भाजलेली आहे. पापुद्रा चिकटलेला आणि कापडासारखी वाकणारी भाकरी म्हणजे सकाळी करून फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या चवडीतली.

यावर एक साधा उपाय आहे. बसल्या बसल्या वाढप्याला सांगायचं, “भाकरी एकेक करून आण, गरम.” चांगल्या ठिकाणी तो नुसती मान हलवतो, कारण तिथं रीतच ती असते. जिथं तो म्हणतो, “एकदम चार आणतो की, परत कोण येणार,” तिथं भाकरी चवडीतलीच आहे असं समजा आणि कडक भाकरी मागवा.

कडक भाकरी हा माझाच विषय, तेव्हा जरा सैल हातानं लिहिते. पाहुण्यांना ही पापडासारखी वाटते आणि ते नुसतीच मोडून खायला लागतात. तशी खायची नसते. पातळ थापून, आधी तव्यावर भाजून मग मंद आचेवर दाबत दाबत तिच्यातलं पाणी पूर्ण काढलेलं असतं. म्हणूनच ती महिनाभर सहज टिकते, त्याहून जास्तही. खायची ती कुस्करून. ताटात बारीक चुरा करायचा, वर गरम आमटी किंवा रस्सा ओतायचा, दोन मिनिटं थांबायचं. किंवा दही, वर शेंगा चटणी, कच्चं तेल आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. तुमच्या शाकाहारी पाहुण्याला दुसरं काही आवडलं नाही तरी हे आवडेल, आणि वडिलांनाही दह्यात कालवलेली मऊ भाकरी चालेल, चटणी वगळून. कडक भाकरीची परीक्षा कानानं होते. मोडताना टक् असा आवाज यायला हवा. वाकून मग मोडली तर तिला दमट हवा लागलेली आहे. पावसाळ्यात हे जास्त. हॉटेलवाले पुडा उघडा ठेवतात आणि मग आमच्या नावानं बोंब मारतात.

चटणीचंही सांगते, कारण हॉटेलवाला गिऱ्हाइकाला किती जपतो हे ताटातल्या त्या एका चमच्यावरून कळतं. शेंगा चटणीत असतंच काय? भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ. खोबरं नाही, साखर नाही. खरी चटणी उखळात किंवा डंकात कुटलेली असते. कुटताना दाण्याचं तेल हळूहळू सुटतं आणि चटणी ओलसर, गोळा होणारी बनते. बोटानं दाबली की तेलाचा ओशटपणा बोटाला लागला पाहिजे. मिक्सरवर केली की एक तर कोरडं कूट राहतं, नाहीतर यंत्राच्या उष्णतेनं लगदा होतो. कोरडी भुकटी वरून तेल ओतून वाढलेली दिसली तर ते तेल ताटात वेगळं पसरतं, चटणीत मुरलेलं नसतं. आणि एक महत्त्वाचं: चटणी कडवट किंवा खवट लागली तर ती बाजूला सारा, दुसऱ्यांदा चव घेऊ नका. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक असतं आणि भाजून पूर्ण जात नाही. स्वस्तातला फुटका, काळपट दाणा घेणारे आहेत, आणि तिखट जास्त घातलं की कडवटपणा दबतो हे त्यांना ठाऊक असतं. मी ज्यांना माल देत नाही त्यातले काही असेच आहेत. दोन रुपये कमी करा म्हणत होते, मी म्हटलं दुसरीकडे बघा.

भाजी-आमटीत काय मागवायचं, तर जे त्या दिवशी भरपूर प्रमाणात शिजलंय ते. वांग्याची भाजी, डाळकांदा, पालेभाजी, मिळाली तर कटाची आमटी. लिंगायत पद्धतीच्या खानावळीत खारब्याळी, म्हणजे तिखट डाळ, आणि कधीमधी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, मिळते. हे पदार्थ मोठ्या पातेल्यात होतात आणि दुपारपर्यंत संपतात. याउलट, कार्डावर पनीरचे वीस प्रकार दिसले तर त्यामागचं गणित सांगते. सकाळी तीन-चार ग्रेव्ह्या करून ठेवतात: लाल, पांढरी, पिवळी, कुठे हिरवी. कढई, कोल्हापुरी, हंडी, पटियाला, सगळं त्यांच्यातूनच निघतं. वर क्रीम की शिमला मिरची एवढाच फरक. यात गैर काही नाही, मोठ्या हॉटेलला दुसरा मार्ग नसतो. पण दुपारी मोजकीच टेबलं भरत असतील तर कालची लाल ग्रेव्ही आज तुमच्या ताटात येण्याची शक्यता वाढते. सोलापुरात येऊन पनीर पटियाला खायचा असेल तर तुमची मर्जी, मी अडवणारी कोण.

मटणाचं प्रकरण वेगळं. इथला बोकड चांगला. उस्मानाबादी जातीची काळी शेळी याच पट्ट्यातली, धाराशिव, लातूर, सोलापूरची. साध्या मटण थाळीत सुकं, रस्सा, बहुतेक ठिकाणी अळणी, भाकरी, भात, कांदा-लिंबू येतं. अळणी म्हणजे मटण नुसतं हळद-मीठ, आलं-लसणावर शिजवून काढलेलं पाणी, तिखट न घातलेलं. निवडायची खूण हीच. अळणी आधी मागून प्या. तिखट-मसाल्याचं पांघरूण नसल्यामुळे मटण ताजं आहे की नाही, ते तिथं लगेच कळतं. शिळ्या मटणाच्या अळणीला उग्र वास येतो. अळणी चांगली असेल तर बाकीचं ताट निर्धास्त मागवा. वाढपी “अळणी संपली” म्हणाला आणि घड्याळात जेमतेम साडेबारा वाजले असतील, तर मी असते तर उठले असते.

रश्श्याचा रंग बघून भुलू नका. लाल रंग तिखटाचा असतो तसा डबीतलाही असतो. भातावर थोडा रस्सा घाला आणि क्षणभर थांबा. तिखटाचा रंग तेलासोबत राहतो. पाण्याबरोबर भाताच्या शितात गुलाबी-केशरी कड उमटली तर रंग मिसळलेला आहे. सोलापूरच्या जुन्या घरगुती काळ्या मसाल्याचा रस्सा खरं तर तपकिरी-काळपट असतो, भडक नसतोच.

वार बघायला विसरू नका. सोमवार हा सिद्धेश्वराचा वार. त्यात गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण. या दिवशी मटण खाणारे कमी, म्हणून मटणाची उलाढाल कमी, म्हणून कालचं उरलेलं आज वाढलं जाण्याची शक्यता जास्त. मटणाचे जोराचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. तुम्ही सोमवारी येणार असाल तर त्या पाहुण्याला सरळ सांगा, आज भाकरी-आमटी खा, मटण पुढच्या खेपेला. नाहीच ऐकलं तर गावातल्याच विजापूर वेशीकडे बिर्याणी खायला न्या. तिथलं गिऱ्हाईक वेगळं, वारांचा हा हिशोब तिथं लागू होत नाही. मात्र बिर्याणीलाही वेळेचा नियम तोच. डेग उघडली की पहिल्या तासात. तीननंतर तळाचा भात तेलकट आणि तुकडे मोडलेले.

आता हॉटेल. इथवर आलात तर अर्धी निवड झालेली आहे. राहिलेली अर्धी, आत शिरल्यावर पाच मिनिटांत करायची.

मी सगळ्यात आधी हात धुवायला जाते. हात खराब असतातच असं नाही, पण बेसिनचा रस्ता बहुतेक वेळा भटारखान्याच्या दारावरून जातो. तिथं दोन गोष्टी बघायच्या. कांदा कसा ठेवलाय, आणि भांडी कुठं घासतात. चिरलेला कांदा-लिंबू उघड्या टोपात, कडेला पाणी सुटलेला, मऊ पडलेला असेल तर तो सकाळी आठचा आहे. जिथं पोऱ्या गर्दीतही थोडा थोडा कांदा चिरत असतो तिथं बाकीचंही ताजं असतं असा माझा अनुभव. भांड्यांचं असं, की एकाच टबातल्या पाण्यात ताटं बुडवून काढत असतील तर त्यांची खरी अडचण पाण्याची असते. सोलापूरला उजनीचं पाणी येतं, पण रोज नाही, काही दिवसांआड. मधल्या दिवसांत हॉटेलं बोअर आणि टँकरवर चालतात. ज्याची टाकी मोठी तो नळाखाली भांडी धुतो, ज्याची छोटी तो टबात बुडवतो. उन्हाळ्यात हा फरक ताटावर दिसतो. ताट हातात घेऊन मागून बोट फिरवा. चिकट लागलं तर बोलायचंच.

पिण्याचं पाणी जारचं आहे की माठात-टाकीत साठवलेलं, ते सरळ विचारा. साधं पिण्याचं पाणी हॉटेलनं फुकट द्यायचं असतं, पण तुमच्या मुंबईच्या पाहुण्यांच्या पोटाला बाटलीच बरी. बर्फाचं मात्र मी कोणालाच सांगत नाही. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा असा नियम 2018 मध्ये आला, तरी मठ्ठ्यात आधीच विरघळलेला बर्फ कोणता होता हे कोण बघणार? बिनबर्फाचं ताक मागा.

तळणीचं तेल बघायला मिळालं तर उत्तम. दारातच कढई असलेल्या हॉटेलात हे सोपं. तेल काळपट, वर बारीक फेस न विरणारा आणि धूर लवकर येणारा, म्हणजे ते पुन्हा पुन्हा तापवलेलं. कायद्यात त्याचंही माप आहे: तेलातले टोटल पोलर कंपाऊंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, हे 1 जुलै 2018 पासून. तुम्ही काही मशीन घेऊन जाणार नाही, पण भजी रद्दी पेपरवर काढत असतील तर तिथं या बाकीच्या नियमांचं काय होत असेल ते समजून जा. छापील कागदाची शाई गरम तेलात सुटते आणि खाद्यपदार्थाला तो कागद वापरायला बंदी आहे.

भिंतीवर 14 आकडी एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, नंबर लावलेला असतो, बिलावरही असायला हवा. तो असणं म्हणजे जेवण चांगलं असं नाही, पण नसणं म्हणजे काहीतरी गडबड.

गर्दीवरून अंदाज घ्यायचा तर गर्दी कसली ते बघा. बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या संख्येपेक्षा पार्सल काउंटरवरची लगबग मला जास्त सांगून जाते. दवाखान्यातून डबा न्यायला आलेला माणूस रोज दोन वेळा येतो. एक दिवस आजाऱ्याला त्रास झाला की तो दुसऱ्या दिवशी दिसत नाही. एकट्या बायका, म्हातारी माणसं निवांत जेवताना दिसत असतील तर तेही चांगलं. आणि रात्री बार चालवून दुपारी जेवण देणारी ठिकाणं मी टाळते. सगळी वाईट असतात असं नाही, पण त्यांचा खरा धंदा रात्रीचा. दुपारी चुलीपाशी मुख्य आचारी नसतोच बऱ्याचदा.

मोबाईलवरचे अभिप्राय वाचूच नका असं म्हणणार नाही. फक्त तारे सोडा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत गिऱ्हाइकांनी टाकलेले ताटाचे फोटो बघा. भाकरीची कड, चटणीचा ओलेपणा, कांद्याचा ताजेपणा हे फोटोतही दिसतं. हॉटेलनं स्वतः टाकलेले फोटो कुठलेही असू शकतात. ज्यात पाठीमागे पुदिन्याचं पान आणि लाकडी पाटा आहे, ते तर सोलापुरातले नव्हेतच.

वडिलांसाठी दोन गोष्टी. एक, थाळीच्या हट्टात पडू नका. अमर्यादित थाळी म्हटली की म्हातारा माणूस पैसे वसूल करायला जास्त खातो आणि मग दुपारच्या उन्हात त्रास. साधा वरण-भात, तूप, दही-भाकरी, शिजलेली भाजी वेगळी मागवा. सांगून फोडणी कमी तिखट करून देतात, फक्त गर्दीच्या आधी सांगितलं तर. नाहीतर एखाद्या उडुपी हॉटेलात इडली-सांबार, दहीभात. मध्यवस्तीत अशी हॉटेलं आहेत आणि दुपारी ती तुलनेनं शांत असतात. दोन, एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर पारा चाळिशी ओलांडलेला असतो, बऱ्याचदा बेचाळीस-त्रेचाळीस. एसी हॉलचे दर वेगळे असतात हे आत शिरताना विचारून घ्या, बसल्यावर कार्ड बदलतं. तरीही त्या दिवसांत वडिलांना एसीतच बसवा.

जागेचं म्हणाल तर नवी पेठेत गाडी आत घालू नका. गल्ल्या अरुंद, त्यात दुचाक्या. पार्क स्टेडियमच्या बाजूला गाडी लावून पायी किंवा रिक्षानं फिरा. पार्क चौक, चार पुतळा, सात रस्ता या पट्ट्यात बसून जेवायची मोठी हॉटेलं, कुटुंबाला बरी. दत्त चौक, टिळक चौक, बाळी वेस या जुन्या भागात लहान खानावळी, चव जास्त, ऐसपैसपणा कमी. मटणवाल्या पाहुण्याला हौस असेल आणि वेळ असेल तर पूर्व भागाकडे, अशोक चौक, कन्ना चौकाच्या बाजूला जावं. तिकडे पद्मशाली तेलुगू वस्ती, अंबाडीचा आंबटपणा आणि मटण यांचा मेळ तिथं चाखायला मिळतो. पण तुमच्या दीड तासात ते बसत नाही. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा असते. तेव्हा येणार असाल तर मध्यवस्तीत दुपारी टेबल मिळवणंच जिकिरीचं, तेवढं धरून चाला.

बिलाचं पटकन सांगते. साध्या हॉटेलात जीएसटी 5 टक्के, अडीच आणि अडीच असा फोडून लिहिलेला. कंपोझिशनमधल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कर स्वतः भरायच्या योजनेतल्या, छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. त्याच्या बिलावर तसं लिहिलेलं असतं. तरी खाली कर लावला असेल तर विचारा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. आपल्याकडच्या खानावळीत हा प्रकार फारसा नाहीच, मोठ्या हॉटेलात कधी दिसतो. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. वाढप्याला द्यायचे ते हातात द्या.

आता तुम्ही नेमकं काय करायचं? येण्याच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दोन-तीन हॉटेलांना फोन करा. अकरा यासाठी की तेव्हा मालक गल्ल्यावर असतो आणि चूल नुकतीच पेटलेली असते. तीन प्रश्न विचारा. आज भाजी कोणती केलीय? भाकरी बसल्यावर थापून मिळते का? अळणी आहे का? जो माणूस थांबून, आत ओरडून विचारून सांगतो, “आज वांगं आणि मेथी आहे, पाऊणपर्यंत या, नंतर मेथी संपते,” तिथं जा. जो “सगळं मिळतंय, या तुम्ही” म्हणतो, त्याला नमस्कार करून फोन ठेवा.

आणि निघताना चटणी घेणार असाल तर हॉटेलच्या काउंटरवरची घेऊ नका, ती तिथं उन्हात किती दिवस पडलीय कुणास ठाऊक. पेठेतल्या, रोज कुटणाऱ्या दुकानातून घ्या, वास घेऊन घ्या, आणि पुण्याला पोचल्यावर काचेच्या बरणीत भरून ठेवा. फ्रीजची गरज नाही, ओला चमचा तेवढा घालू नका. कडक भाकरीचा पुडा मात्र डिकीत बॅगांखाली दाबू नका. पुण्यापर्यंत चुराच होतो.